श्रावणमासची दक्षिणा, घरचा वार व विद्यापीठाची शिष्यवृत्ति

कुलाबा जिल्ह्याचा, म्हणजे १९८१ पासून ज्यास रायगड जिल्हा म्हणतात त्याचा, समुद्रकांठ जुन्या लेखांच्या बाबतींत दरिद्री नाहीं. ज्याचा काळ कै. डॉ. शं. गो. तुळपुळे यांनीं शके ९३४ असा मानिला तो आक्षीचा शिलालेख ह्याच किनाऱ्यावरचा. शके ९८२ चा, गांवच्या ब्राह्मणमंडळींतील सोन्याच्या व्यवहारासंबंधींचा दिवेआगरचा मराठी ताम्रपटही येथलाच. चौल, नागांव, रेवदंडा, श्रीवर्धन ह्या गांवांचीं नांवें ठाऊक नाहींत असा संग्राहक विरळा. राजानें दिलेली जमीन, देवालयास लावून दिलेला दिवा, भटास दिलेलें अग्रहार, हें सर्व दगडावर, तांब्यावर किंवा निदान कागदावर उतरलें आहे. परंतु ज्या एका दानावर ह्या किनाऱ्यावरील मुलांच्या पिढ्यान् पिढ्या शिकल्या, त्याचा शिलालेख नाहीं, ताम्रपट नाहीं आणि सनदही नाहीं. तें दान म्हणजे परक्याच्या मुलास आठवड्यांतून एक वेळ घातलेलें जेवण. प्रस्तुत लेखाचा विषय हें दान, त्याच्या शेजारीं उभी राहिलेली सरकारी दक्षिणा, आणि ह्या दोहोंच्या पोटीं जन्मलेली आधुनिक शिष्यवृत्ति हा आहे.

वार म्हणजे काय हें वडील वाचकांस सांगणें नको. पण नव्या पिढीस तो शब्द सोमवार-मंगळवारापलीकडे ठाऊक असेलच असें नाहीं, म्हणून थोडें लिहितों. घर सोडून विद्येसाठीं परगांवीं गेलेला निर्धन मुलगा सात घरें गांठी. सोमवारीं एकाकडे, मंगळवारीं दुसऱ्याकडे, असे सात दिवसांचे सात वार ठरले कीं त्याच्या पोटाची सोय झाली. माधुकरी ही ह्याहून निराळी. माधुकरी मागणारा झोळी घेऊन दारोदार हिंडे व शिजलेलें अन्न जमवी; त्यास घर ठरलेलें नसे. वार लावलेल्या मुलास पानावर बसवून वाढीत. एका घरीं आठवड्यास एक जेवण, म्हणजे वर्षास सुमारें ५२ पानें. आणि ज्या गांवांत ४९ घरें अशीं सांपडलीं तेथें सात विद्यार्थ्यांची रोजची एक वेळ निभावली. ह्यांत कोणा एकावर भार पडत नाहीं, कोणा एकाची मर्जी गेली तर सहा दिवस तरी राहतात, आणि देणाऱ्याच्या हातून रोकड एक पैही सुटत नाहीं. कोंकणांत, जेथें भात घरचें व नाणें दुर्मिळ, तेथें ही शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची होती.

ह्या व्यवस्थेचें गोडवेपण गातांना तिचा कांटा विसरूं नये. ज्या घरीं सुतक पडलें, ज्या घरचीं माणसें यात्रेस गेलीं, त्या वारीं मुलगा उपाशी. घरची बाई, जी वस्तुतः खरी दाती, तिचा स्वभाव कसा ह्यावर त्या दिवसाचें सुखदुःख. पूजेचीं फुलें आणावीं, पाणी भरावें, लहान मुलांस शिकवावें, हीं न बोललेलीं देणीं मुलाच्या माथीं असतच. आणि मुख्य म्हणजे पंक्तीचा प्रश्न: ज्याच्या हातचें आपण खातों व ज्यास आपण पंक्तीस घेतों, त्याच्यापुरतेंच हें औदार्य. जातीची कुंपणें ह्या दानानें ओलांडलीं नाहींत. किंबहुना तीं त्यानें अधिक पक्कीं केलीं असें म्हणण्यास जागा आहे. ह्या मुद्द्याकडे पुढें पुन्हा यावयाचें आहे.

किनाऱ्यावरील गांवांतून वेदपठण व पंचांगापुरती विद्या मिळे. व्याकरण, न्याय, धर्मशास्त्र ह्यांसाठीं घाट चढावा लागे. वाई, पुणें, आणि ज्याची छाती असेल त्यास काशी. म्हणजे किनाऱ्यावरच्या मुलास वार देणारें घर बहुधा घाटावरचें असे. ह्या वाटेनें विद्यार्थी गेले तसे कारभारीही गेले. पेशवाईचा मूळपुरुष बाळाजी विश्वनाथ भट हा श्रीवर्धनचा. सिद्दीच्या जाचामुळें तो देश सोडून घाटावर आला व १७१३ सालीं त्यास पेशवाईचीं वस्त्रें मिळालीं. ह्याच घराण्यानें पुढें विद्येच्या दानास राजसत्तेचें रूप दिलें हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

श्रावणमासच्या दक्षिणेचा आरंभ पेशव्यांचा नव्हे. सेनापति खंडेराव दाभाडे ह्यांनीं तळेगांवास ती सुरू केली, व १७३१ च्या एप्रिलांत डभईच्या लढाईंत त्यांचे पुत्र त्र्यंबकराव पडल्यावर पहिल्या बाजीरावानें ती पुण्यास चालविली, असें परंपरा सांगते. नानासाहेबांच्या वेळेपासून तिचा विस्तार झाला. पर्वतीच्या पायथ्याशीं रमणा बांधला गेला. ब्राह्मणांस त्या आवारांत घ्यावयाचें व बाहेर पडतांना एकेकाच्या हातावर दक्षिणा ठेवावयाची, म्हणजे एकानें दोनदां घेण्यास वाव राहत नसे. विद्वान शास्त्री व वैदिकांची परीक्षा होऊन त्यांस योग्यतेप्रमाणें अधिक मिळे. आतां कोंकणच्या वाचकानें एक गोष्ट मनांत आणावी. श्रावण म्हणजे भर पावसाळा. नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्र बंद, खाड्या तुंबलेल्या, वाटा चिखलाच्या. अशा दिवसांत अलिबाग-नागांवकडील भिक्षुकानें बोरघाट आणि महाडकडील भिक्षुकानें वरंधा चढून पुणें गांठावयाचें. थोड्या रुपयांसाठीं हा प्रवास करणाऱ्यांत लोभी होते तसे गरजूही असले पाहिजेत. पुण्याच्या रमण्याची थट्टा करणाऱ्यांनीं ही दुसरी बाजू फारशी मांडलेली नाहीं.

दक्षिणा व वार ह्यांतील भेद मूलभूत आहे. दक्षिणा मिळे ती विद्वानास, किंवा विद्वान म्हणविणाऱ्यास; विद्या संपादन झाल्यावर. वार मिळे तो विद्यार्थ्यास, विद्या होण्यापूर्वीं. पहिल्यांत देणारा एक व घेणारे हजारों; दुसऱ्यांत घेणारा एक व देणारे सात. पहिलीच्या याद्या लिहिल्या गेल्या, कारण सरकारी पैशाचा हिशेब द्यावा लागतो. पेशवे दप्तर हातीं आलें तेव्हां त्या आपल्यासमोर आल्या, आणि इतिहासकारांनीं साहजिकच विद्येचा आश्रयदाता म्हणून पेशव्यांचें नांव घेतलें. सात घरांचें नांव कोणी घेतलें नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं हा निर्णय कागदांच्या उपलब्धतेनें झालेला आहे, वस्तुस्थितीच्या तौलानें नव्हे.

१८१८ नंतर एल्फिन्स्टन ह्यानें दक्षिणा एकदम बंद केली नाहीं. ती वर्षास ५०,००० रुपयांवर आणून ठेविली. तिच्यांतूनच ६ ऑक्टोबर १८२१ रोजीं विश्रामबागवाड्यांत पुण्याची संस्कृत पाठशाळा उघडली. हा प्रसंग आमच्या विषयाच्या दृष्टीनें फार मोलाचा आहे. कारण पाठशाळेंतील विद्यार्थ्यांस दरमहा वेतन मिळूं लागलें. म्हणजे आजवर जो पैसा पांडित्याच्या मागें जात होता तो प्रथमच, सरकारी व्यवस्थेनें, शिकणाऱ्याच्या हातीं पडला. शिष्यवृत्तीचा पाया पुण्यांत घातला गेला तो येथें. १८३६ नंतर नव्या दक्षिणाधारकांस मंजुरी न देण्याचें धोरण ठरलें, जुने जसजसे वारतील तसतशी शिल्लक वाढूं लागली, आणि त्या शिलकेवर वाद माजला. १८४९ सालीं लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख आदि सुधारकांनीं ती रक्कम मराठी ग्रंथांच्या उत्तेजनार्थ वापरावी असा अर्ज केला. पुण्यांतील सनातनी मंडळी खवळली, आणि अर्जदारांच्या रक्षणास जोतीराव फुले उभे राहिले. १८५१ सालीं दक्षिणा प्राइज कमिटी स्थापन झाली. पुढें त्याच निधींतून कॉलेजांत दक्षिणा फेलो नेमण्यांत येऊं लागले. महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघेही दक्षिणा फेलो होते. दाभाड्यांच्या श्रावणी दानाचा प्रवाह अशा रीतीनें विद्यापीठाच्या पदवीधरापर्यंत येऊन पोंचला. मार्ग वाकडातिकडा खरा, पण खंड कोठेंही नाहीं.

पुण्यांत सरकारी पैशाचें हें रूपांतर चाललें असतां मुंबईंत निराळाच प्रकार घडत होता. तेथें दक्षिणा नव्हती, दप्तर नव्हतें. होती ती व्यापाऱ्यांची वर्गणी. १८२७ सालीं एल्फिन्स्टन विलायतेस निघाला त्या वेळीं मुंबईच्या लोकांनीं त्याच्या स्मरणार्थ शिक्षणासाठीं दोन लाखांहून अधिक रुपये जमविले. दुसऱ्याच वर्षीं सर न्यायाधीश सर एडवर्ड वेस्ट वारला; त्याच्या नांवानें एतद्देशीयांनीं विद्यार्थ्यांसाठीं शिष्यवृत्त्या ठेविल्या. गव्हर्नर लॉर्ड क्लेअर ह्याच्या नांवाच्या शिष्यवृत्तीवर तर दादाभाई नौरोजींचें शिक्षण झालें; ती त्यांस १८४० सालीं मिळाली. ह्या दानांत एक चमत्कारिक गोष्ट आहे. पैसा आपला, विद्यार्थी आपला, आणि नांव मात्र परत जाणाऱ्या किंवा वारलेल्या साहेबाचें! ह्यास कोणी लाचारी म्हणतील; आम्हांस तसें वाटत नाहीं. वर्गणीदार अनेक धर्मांचे व जातींचे असतां कोणा एकाचें नांव दिलें तर बाकीच्यांस खपलें नसतें. परक्याचें नांव हा सर्वांस सोयीचा तोडगा होता.

ही अडचण पुढच्या पिढींत राहिली नाहीं. १८५७ च्या जुलैंत मुंबई विद्यापीठ स्थापन झालें. ३१ जुलै १८६५ रोजीं जगन्नाथ शंकरशेट वारले, व लवकरच त्यांच्या नांवाची संस्कृतची शिष्यवृत्ति विद्यापीठांत मॅट्रिकच्या परीक्षेस लागली. प्रेमचंद रायचंद ह्यांनीं विद्यापीठाचें ग्रंथालय व मनोरा ह्यांसाठीं चार लाख रुपये दिले, आणि कलकत्त्याच्या विद्यापीठासही शिष्यवृत्तीसाठीं दोन लाख पाठविले. ह्या मोठ्या रकमांपुढें शंकरशेटांच्या नांवची शिष्यवृत्ति लहान. परंतु महाराष्ट्रांतील घरांवर तिचा जेवढा पगडा बसला तेवढा दुसऱ्या कोणत्याही देणगीचा क्वचितच बसला असेल. मॅट्रिकच्या वर्गांत संस्कृत घेणाऱ्या हुशार मुलाचें ध्येय काय, असें विचारलें असतां दोन पिढ्या एकच उत्तर मिळत होतें. दात्याच्या इच्छेनें विषयाची निवड कशी वळते ह्याचें हें उत्तम उदाहरण होय.

आणि येथें आपला किनारा पुन्हा दृष्टीस पडतो. महाडांत १८६४ सालीं जन्मलेले शिवराम महादेव परांजपे, 'काळ'कर्ते, हे शंकरशेट शिष्यवृत्ति मिळवून १८८४ सालीं मॅट्रिक झाले. रायगडाच्या पायथ्याजवळ नाते येथें १८९६ सालीं जन्मलेले, रोह्याच्या देशमुख घराण्यांतील चिंतामण द्वारकानाथ देशमुख ह्यांनीं १९१२ सालीं तीच शिष्यवृत्ति मिळविली व परीक्षेंत पहिला क्रमांकही पटकाविला. देशमुख पुढें केंब्रिजला गेले, आय.सी.एस. झाले, रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर, भारताचे अर्थमंत्री, आणि १९५६ पासून विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष झाले. मेघदूताचें मराठी भाषांतर करणारा अर्थमंत्री हा शंकरशेटांच्या संस्कृत शिष्यवृत्तीचा प्रसाद म्हणावा काय? असो. एकास राजद्रोहाच्या खटल्यांत शिक्षा झाली, दुसऱ्यास सरकारनें 'सर' केलें. निधीनें दोघांच्या मतांची चौकशी केली नाहीं, संस्कृतचे गुण तेवढे पाहिले.

आतां मागें राखून ठेविलेला मुद्दा. वाराच्या पंक्तींत ज्यांस जागा नव्हती त्यांचें काय? ह्याच किनाऱ्यावरील बेने इस्रायल समाजाचें उदाहरण ह्या ठिकाणीं घेतों, कारण त्याची नोंद त्या समाजाच्याच माणसानें करून ठेविली आहे. शनिवारीं घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनवार तेली' ह्या नांवानें ओळखले जाणारे हे यहुदी लोक नौगांव, किहीम, चौल, पेण, दिवे, रोहें अष्टमी अशा गांवांतून पसरलेले होते, आणि किहीमकर, पेणकर, दिवेकर, अष्टमकर हीं त्यांचीं आडनांवें गांवांची साक्ष अजूनही देतात. अठराव्या शतकांत त्यांतील पुष्कळ लोक मुंबईस पलटणींत व लहान नोकऱ्यांत गेले. अलिबागेस १८३० सालीं जन्मलेले हाईम सॅम्युएल केहीमकर ह्यांनीं समाजाच्या मुलांसाठीं १८७५ सालीं मुंबईंत शाळा काढली. समाजाच्या घरांतून निघालेल्या पैशास पुढें लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशनची मदत मिळाली, आणि बऱ्याच काळानें सर एली कदूरी ह्यांच्या देणगीनें शाळेस त्यांचें नांव पडलें. केहीमकरांनीं १८९७ सालीं लिहिलेला समाजाचा इतिहास १९३७ सालीं तेल अवीव येथें छापला गेला. ह्या ग्रंथाची प्रत कोंकणच्या इतिहासाच्या प्रत्येक संग्राहकापाशीं असावयास हवी.

ज्या मुलांस पंक्तीच काय पण पाणवठाही बंद होता, त्यांची गोष्ट ह्याहून कठीण. डॉ. आंबेडकरांस शिक्षणाच्या वाटेवर वार मिळण्याची कल्पनाही करतां येत नाहीं. त्यांस हात दिला तो बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीनें, जिच्या बळावर ते १९१३ सालीं कोलंबिया विद्यापीठांत गेले. १९२४ सालीं त्यांनीं बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापिली, आणि तिच्या पहिल्या कामांपैकीं एक म्हणजे सोलापुरास १९२५ सालीं उघडलेलें विद्यार्थ्यांचें वसतिगृह. महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजीं जें घडलें तें वाचकांस विदित आहेच. वसतिगृह हें एका अर्थानें वाराचेंच उत्तर होय: सात घरांनीं दार लावलें, म्हणून आठवें घर बांधावें लागलें.

वर्गणीची कल्पना विद्यार्थ्याच्या पोटापुरती न राहतां अखेर एका सबंध विद्यापीठापर्यंत गेली, आणि हा पराक्रम बाणकोटच्या खाडीपलीकडच्या एका कोंकण्याचा. धोंडो केशव कर्वे हे मुरुडचे. (येथें संग्राहकांस सूचना: जंजिऱ्याचें मुरुड तें निराळें व दापोलीजवळचें हें निराळें, याद्यांत दोहोंची गल्लत होते.) मुंबईंत असतांना त्यांनीं आपल्या प्राप्तींतील अंश धर्मादाय बाजूस काढण्याची संवय लाविली, व परगांवीं राहणाऱ्या मुरुडकरांनीं आपल्या गांवासाठीं कांहीं द्यावें म्हणून 'मुरुड फंड' उभारला. त्यांचें 'आत्मवृत्त' १९१५ सालीं प्रसिद्ध झालें. १९१६ सालीं त्यांनीं स्त्रियांचें विद्यापीठ काढलें तें सरकारी सनदेशिवाय, निव्वळ लोकांच्या वर्गणीवर. वर्गणीदारांस सेनेटवर प्रतिनिधि निवडून देण्याचा हक्क ठेविला होता. म्हणजे लहान देणगी देणारासही विद्यापीठाच्या कारभारांत मत होतें. शंकरशेट किंवा प्रेमचंद ह्यांच्या देणग्यांत जें नव्हतें तें येथें आहे. पहिले कुलपति झाले ते रामकृष्ण गोपाळ भांडारकर. ज्यांनीं तारुण्यांत दक्षिणेच्या निधींतून वेतन घेतलें तेच वार्धक्यांत लोकवर्गणीच्या विद्यापीठाचे धुरीण झाले! पहिले कुलगुरु रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, तेही सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेलेले दापोलीकडचेच. १९२० सालीं सर विठ्ठलदास ठाकरसी ह्यांनीं पंधरा लाखांची देणगी दिली व विद्यापीठास त्यांच्या मातोश्री श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी ह्यांचें नांव मिळालें. कायद्याची मान्यता येण्यास १९५१ साल उजाडलें. पस्तीस वर्षें एक विद्यापीठ पदव्या देत राहिलें तें देणाऱ्यांच्या विश्वासावर. ठाकरशींच्या रकमेमुळें तें टिकलें हें खरें, परंतु तत्पूर्वींच्या चार वर्षांतील लहान वर्गणीदारांच्या याद्या आम्हांस त्या पंधरा लाखांपेक्षां अधिक वाचनीय वाटतात.

ह्या सर्व इतिहासांत कागद कोठें आहेत व कोठें नाहींत ह्याचा विचार संग्राहकांनीं करावयाचा आहे. दक्षिणेचे कागद सरकारी दप्तरांत, शिष्यवृत्त्यांचे विद्यापीठाच्या कॅलेंडरांत, कर्व्यांचे अहवालांत. वाराचा कागद मात्र कोठेंच नाहीं असें समजून आपण स्वस्थ बसतों, तें बरोबर नाहीं. घरखर्चाच्या वहींत तो सरळ सांपडणार नाहीं, कारण रोकड गेलेलीच नसते. परंतु त्याच वहींत धोतरजोडी, पुस्तकास कागद, शाई, परीक्षेस जातांना वाटखर्ची, मुंजीस मदत, अशा बारीक रकमा मुलखावेगळ्या आडनांवापुढें लिहिलेल्या असूं शकतात. घरांत त्या आडनांवाचा कोणी आप्त नसेल तर तो विद्यार्थी असण्याचा संभव विशेष. जुन्या पत्रांत बापानें यजमानास लिहिलेलीं 'मूल आपल्या पदरीं घातलें आहे' ह्या अर्थाचीं वाक्यें पाहावीं. आणि पोथ्यांचे समाप्तिलेख! आपण ते शकासाठीं वाचतों, लेखकाच्या उपनांवासाठीं वाचतों, आणि 'स्वार्थं परार्थं च' हे शब्द सांचेबंद म्हणून सोडून देतों. पोथी कोणत्या गांवीं व कोणाच्या घरीं लिहून पुरी झाली, लिहिणाऱ्याचें मूळ गांव तेंच कीं दुसरें, हें ताडून पाहिलें तर नागांवचा लेखक वाईस किंवा श्रीवर्धनचा पुण्यास बसून आपला ग्रंथ उतरून घेत होता असें कांहीं ठिकाणीं निघेल. आणि जेथें तो बसला होता तें घर बहुधा त्यास जेवूंही घालीत होतें.

किनाऱ्यावरील वाडे विकले जात आहेत, आणि माळ्यावरच्या वह्या रद्दीच्या भावानें जातात. पोथ्या तरी कोणी उचलतो; जमाखर्चाच्या वह्या, त्यांतही मोडी न वाचतां येणाऱ्याच्या हातीं पडलेल्या, प्रथम जातात. ज्या संग्राहकांपाशीं अशा वह्या असतील त्यांनीं त्यांचीं पानें चाळून परकीं आडनांवें व त्यांपुढील रकमा एका यादींत उतरून काढाव्या, गांव व शक लिहावा, आणि पोथ्यांच्या समाप्तिलेखांतील गांवांची यादी तिच्याशेजारीं ठेवावी. दोन्ही याद्यांत एकच आडनांव जुळलें तर तें टिपून मंडळाकडे कळवावें. एवढ्यानें सात घरांपैकीं एकाचा तरी पत्ता लागेल.